मॉर्टेन ३२० आणि जेल १०० : समुद्रकाठच्या लांब सराव राइडला किती उपयोगी?

मॉर्टेन कंपनीच्या ड्रिंक मिक्स ३२० या पावडरीचं एक पाकीट ५०० मिली पाण्यात घातलं की बाटलीत सुमारे ८० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) होतात. या पावडरीचं सगळं बरंवाईट या एका आकड्यात आहे. नेहमीचं स्पोर्ट्स ड्रिंक सहा ते आठ टक्क्यांचं असतं, हे थेट सोळा टक्क्यांचं. छोट्या बाटलीत तासाभराहून जास्त पुरेल एवढं इंधन मावतं आणि चुकीच्या वेळी ढोसलं तर तेवढंच पोटात तुंबून बसतं. चार-पाच तासांच्या किनाऱ्यावरच्या सायकल राइडमध्ये ही पावडर आणि तिच्या जोडीचं खायचं जेल १०० कुठे कामाला येतात आणि कुठे हात टेकतात, ते पुढे लिहिलं आहे.

कंपनी स्वीडनमधल्या गोथेनबर्गची. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलियुड किपचोगेने मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० मध्ये कापलं तेव्हा त्याच्या बाटलीत मॉर्टेन होतं, आणि मग हे नाव सगळीकडे झालं. पावडरीत माल्टोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्या रेणूंची साखळी), फ्रुक्टोज (फळसाखर), मीठ, पेक्टिन आणि सोडियम अल्जिनेट असतं. वेगळी चव नाही, रंग नाही. अल्जिनेट समुद्री शेवाळातून काढतात, पेक्टिन फळांपासून. जठरातल्या आम्लात या दोघांचं जेल बनतं, साखर त्यात धरली जाते आणि आतड्याकडे लवकर सरकते, असं कंपनी सांगते. आम्लात जेल बनतं हे खरंच. पण तेवढ्याच माल्टोडेक्स्ट्रिन-फ्रुक्टोजच्या साध्या द्रावणाशी तुलना केलेल्या बहुतेक स्वतंत्र चाचण्यांत साखर जळण्याचा वेग किंवा कामगिरी यांत ठळक फरक आढळला नाही. काही मोजक्या चाचण्यांत फायदा दिसला, पोटाची कुरबुर कमी झाली. म्हणून केवळ ‘हायड्रोजेल’ (पोटात बनणारं हे जेल) या शब्दासाठी पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पावडर घ्यायची ती दोन साखरांच्या प्रमाणासाठी आणि कमी पाण्यात मावणाऱ्या कार्बसाठी.

प्रमाणाचं महत्त्व असं. ग्लुकोज आतड्यातून शोषून घेणारा वाहक तासाला ६० ग्रॅमच्या आसपास थकतो. त्यावर कितीही माल्टोडेक्स्ट्रिन ओतली तरी ती आतड्यातच पडून राहते, पाणी ओढते, आणि पुढचं सांगायला नको. फ्रुक्टोजचा वाहक वेगळा आहे. दोन्ही साखरा एकत्र घेतल्या तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते, आणि सराव झालेलं पोट त्याहूनही जास्त पेलतं. मॉर्टेनमध्ये फ्रुक्टोज आणि ग्लुकोज ०.८ ला १ अशा प्रमाणात आहेत. जास्त कार्ब घ्यायचे तर हे प्रमाण जुन्या २ ला १ पेक्षा पोटाला सोपं जातं.

आता खर्चाची बाजू. सरासरी १६० वॅटने तासभर सायकल चालवली तर ५७६ किलोज्यूल काम होतं. शरीराची कार्यक्षमता साधारण चोवीस टक्के धरली तर जवळजवळ तेवढ्याच किलोकॅलरी जळतात. पाच तासांचे झाले २,९०० च्या घरात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा (शरीरात साठवलेल्या साखरेचा) साठा असतो ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. उरलेली तूट चरबी भरते, पण चरबी सावकाश जळते. जोर वाढला की शरीर साखरच मागतं. किनाऱ्यावर हा जोर कधी वाढेल ते आपल्या हातात नसतं.

ते वाऱ्याच्या हातात असतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे मंद असतात, त्यामुळे पहिले दोन तास सुरेख जातात आणि वेगाचा आकडा बघून मन फुलतं. जमीन तापू लागली की खारे वारे सुटतात आणि दुपारपर्यंत जोर धरतात. किनाऱ्याला समांतर रस्त्यावर ते बहुतेक बाजूने लागतात. रस्ता वळला की समोरून. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो, हवेला अडणारं प्रभावी क्षेत्रफळ ०.३५ चौरस मीटर, रस्ता सपाट. वारा नसेल तर ताशी २८ किलोमीटरला सुमारे १३० वॅट लागतात. ताशी १५ किलोमीटरचा वारा समोरून आला आणि २८ चा हट्ट धरला तर २६५ वॅट, म्हणजे दुप्पट. १३० वॅटच ठेवले तर वेग ताशी २० वर येतो. त्या २० ला मान्यता देणं हा या राइडमधला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. वेगाचा आकडा स्क्रीनवरून काढून टाकावा. वॅट किंवा हृदयाचे ठोके ठेवावेत, तेही नसेल तर दोन-तीन वाक्यं सलग बोलता येतील एवढाच दम लागू द्यावा.

इथेच ही पावडर समुद्रकाठी का शोभते ते कळतं. बाजूच्या झोताच्या वाऱ्यात एक हात हँडलवरून काढणं धोक्याचं असतं, विशेषतः पुढचं चाक खोल रिमचं असेल तर. म्हणून माणूस चाळीस-चाळीस मिनिटं काही पीत नाही. खर्च दुप्पट आणि आवक शून्य, अशी ती चाळीस मिनिटं. पातळ पेय असेल तर ही तूट भरायला अर्धा लिटर ढोसावं लागतं. ३२० चा ३० मिलीचा एक घोट म्हणजे जवळजवळ ५ ग्रॅम कार्ब. दर दहा मिनिटांनी दोन घोट घेतले की तासाला ६० ग्रॅम होतात. एवढं प्यायला टेकाडाचा आडोसा, झाडांची रांग, वस्तीतून जाणारा रस्ता पुरतो. लांब उघडा पट्टा सुरू होण्याआधी, आडोशालाच, पुढच्या वीस मिनिटांचे चार घोट घेऊन टाकावेत.

पण लक्षात घ्या, तासाला ६० ग्रॅमसाठी बाटलीतून जेमतेम ३७५ मिली द्रव पोटात जातो. उकाड्यात तेवढ्याने भागत नाही. दुसऱ्या बाटलीत पाणी हवंच, आणि तेही तासाला आणखी ४०० ते ६०० मिली. ३२० ची बाटली तहान भागवायला वापरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ऊन लागलं, घसा सुकला, हाताला लागली ती बाटली उचलली, एका दमात निम्मी संपवली. चाळीस ग्रॅम साखर घट्ट द्रावणात पोटात उतरली, शरीर ती पातळ करायला आतड्यात पाणी ओढतं, आणि वीस मिनिटांनी ढवळायला लागतं. दोन बाटल्या वेगळ्या रंगाच्या ठेवा, किंवा एकीला रबर बँड लावा. हात न बघता ओळखतो.

मिसळण्याबद्दल. आधी बाटलीत ५०० मिली पाणी, मग पावडर, झाकण, वीस-तीस सेकंद जोरात हलवणं, दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा एकदा हलवणं. पावडर आधी टाकली तर तळाशी चिकट गोळा बसतो आणि पहिले घोट फिके, शेवटचे अतिगोड लागतात. त्यात दुसरं काहीही घालायचं नाही: मिठाची गोळी नाही, लिंबू नाही, दुसऱ्या कंपनीचं ड्रिंक नाही. कॅल्शियम मिळालं की अल्जिनेट थिजतं आणि आम्लातही थिजतं, म्हणजे जे जेल पोटात बनायला हवं ते बाटलीतच बनू लागतं. क्षाराचं जड पाणी वापरलं तरी हीच अडचण. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि नळ यांचं पाणी अनेकदा जड असतं, त्यामुळे वाटेत बाटली भरताना पाणी मचूळ लागलं तर ते या पावडरीसाठी नको. बाटलीत बुळबुळीत गुठळ्या दिसल्या आणि नोझलमधून धार येईनाशी झाली तर पावडरीला दोष देण्याआधी पाणी तपासा. तयार बाटली त्याच दिवशी संपवावी.

दुसरं पाकीट वाटेत मिसळावं लागतं, आणि समुद्राच्या वाऱ्यात पाकीट फाडून बाटलीच्या तोंडात ओतणं म्हणजे पाव पावडर हातावर आणि सायकलवर. घरूनच ती अरुंद तोंडाच्या छोट्या कोरड्या बाटलीत भरून घ्यावी, वाऱ्याला पाठ करून उभं राहावं, पाणी आधी भरलेलं असावं. दमट हवेत उघडं पाकीट खिशात ठेवलं तर पावडर दगडासारखी होते.

जेल १०० चं पाकीट ४० ग्रॅमचं, कार्ब २५ ग्रॅम. पोत इतर जेलसारखा पाकातला नाही, घट्ट जेलीचा आहे. चावावा लागत नाही पण तुकड्या-तुकड्याने तोंडात येतो. चिकटपणा खूप कमी, बोटांना आणि ब्रेकच्या लिव्हरला माखत नाही, आणि वर लगेच पाणी प्यावंच असंही नाही. गोडवा बेताचा. चौथ्या तासाला जेव्हा गोड गिळवत नाही तेव्हा ही चव नसणं फार उपकारक ठरतं. दोष एक: पाकीट घामट किंवा खारट ओल्या बोटांनी फाटता फाटत नाही. निघण्यापूर्वी वरच्या कडेला कात्रीने दोन मिलीमीटरची खाच देऊन ठेवावी, आरपार कापू नये. कॅफीनवालं जेल वेगळं येतं, त्यात १०० मिलिग्रॅम कॅफीन असतं. ६५ किलोच्या माणसासाठी ते किलोमागे दीड मिलिग्रॅम. संशोधनात नेहमी वापरली जाणारी मात्रा किलोमागे तीनच्या पुढे असते, तरी एवढ्याने बऱ्याच जणांची जाग परत येते. असर चढायला अर्धा ते एक तास लागतो. थकल्यावर घेऊन उपयोग नाही. पाच तासांच्या राइडमध्ये सव्वातीन तासांच्या सुमाराला घ्यावं.

पाच तासांसाठी लागणारा माल: ३२० ची दोन पाकिटं आणि सहा जेल, त्यांतलं एक कॅफीनचं. कार्ब ३१० ग्रॅम, तासाला ६२. पहिली वीस मिनिटं फक्त पाणी. मग पहिल्या दोन तासांत एक बाटली आणि दोन जेल, तिसऱ्या-चौथ्या तासांत दुसरी बाटली आणि दोन जेल, शेवटच्या तासात उरलेली साधी जेल. कॅफीनचं जेल तिसऱ्या-चौथ्या तासांतल्या दोनपैकी दुसरं. जेल आणि ३२० एकाच वेळी घेऊ नये. मध्ये निदान पंधरा मिनिटं आणि थोडं पाणी जाऊ द्यावं. भुकेची वाट बघायची नाही, घड्याळाचा गजर वीस मिनिटांवर लावायचा. वारा जोरात असला आणि गजर निसटला तर राहिलेलं सगळं पुढच्या आडोशाला एकदम भरून काढू नये, तिथून नेहमीच्या प्रमाणाने चालू करावं.

एवढं सगळं नेमाने केलं तरी थकवा येतो, आणि तिथे ही पावडर कुठल्या थकव्यावर चालते हे ओळखणं महत्त्वाचं. साखर संपलेला थकवा असा असतो: वॅट घसरतात आणि ठोकेही घसरतात, जोर लावला तरी ठोके चढत नाहीत. डोकं सुन्न, चिडचिड, हात थरथरतात, साधी बेरीज जमत नाही. सायकलवाले याला बाँक म्हणतात. इथे मॉर्टेनचा उपयोग आहे. वेग अगदी हलका करावा, एक जेल म्हणजे २५ ग्रॅम घ्यावं, वर चार घोट पाणी, एरवीची पंधरा मिनिटं न थांबता पाच मिनिटांनीच ३२० चे दोन-तीन घोट. मग पंधरा-वीस मिनिटं वाट पाहावी. तोंडात साखर येताच मेंदूला तिची चाहूल लागते आणि थोडी उभारी लगेच येते, पण ती खरी भरपाई नसते. त्या उभारीत पुन्हा जोर लावला की दुसऱ्यांदा कोसळायला होतं.

उष्णतेचा थकवा याच्या उलट दिसतो. वॅट तेवढेच, पण ठोके दहा-पंधराने वर गेलेले आणि उतरत नाहीत. समुद्रकाठी हवा दमट, घाम वाळत नाही, नुसता गळतो. आणि हे पाठीमागून वारा असताना जास्त होतं, जेव्हा सगळ्यांना वाटतं की आता आराम आहे. ताशी ३० ने चाललात आणि मागून २५ चा वारा आहे तर अंगाला लागणारी हवा फक्त ५ ची. परतीच्या प्रवासात माणसं उष्माघाताच्या जवळ जातात ती अशी. यावर कुठलंही जेल चालत नाही. उलट ३२० चे आणखी घोट घेतले तर मळमळ वाढते, कारण रक्त त्वचेकडे वळलेलं असतं आणि पोटाला कमी पडतं. सावली, डोक्यावर आणि मानेवर पाणी, दहा मिनिटांची विश्रांती, जोर कमी. गोंधळायला झालं, उन्हात थंडी वाजली, अंगावर काटा आला, उलटी झाली, सायकल सरळ रेषेत ठेवता येईना, तर राइड तिथेच संपली. अंग गार करणं आणि मदत बोलावणं हेच पुढचं काम.

मीठ-पाण्याचा प्रश्न तिसरा. किती घाम जातो हे मोजायला सोपं आहे: राइडच्या आधी आणि नंतर अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. घटलेल्या किलोंत प्यायलेले लिटर मिळवा, लघवी झाली असेल तर तेवढी वजा करा, तासांनी भागा. तासाला अर्धा लिटरपासून दीड लिटरपर्यंत काहीही निघू शकतं. वजन दोन टक्क्यांहून जास्त घटत असेल तर पाणी कमी पडतंय. वजन वाढलं असेल तर ते जास्त काळजीचं: नुसतं पाणी भरमसाट प्यायलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, बोटं सुजतात, डोकं दुखतं, पोटात पाणी डचमळतं. त्या वेळी आणखी पाणी पिणं हे जिवावरचं ठरू शकतं. मॉर्टेनमध्ये सोडियम आहे, पण ते कार्बशी बांधलेलं आहे. घोट कमी घेतले की मीठही कमी जातं. म्हणून मीठ दुसऱ्या बाटलीत घालावं. एक ग्रॅम साध्या मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं. ७५० मिलीत ते घातलं तर चव जाणवते पण खारट लागत नाही.

या तिन्हींत न बसणारा थकवा उरतो: मांड्या जड, पाठ अवघडलेली, सरळसोट रस्ता, कानात वाऱ्याचा सततचा आवाज, ठोके जागेवर, डोकं ठीक. हा मात्र रेटून न्यायचा, लांब राइड त्याचसाठी असते. एक गिअर हलका करून पायडलचे फेरे मिनिटाला पाच-दहाने वाढवा, दर दहा मिनिटांनी वीस सेकंद उभं राहून चालवा, हँडलवर हातांची जागा बदला, खांदे सोडा. पुढचे साठ किलोमीटर डोळ्यांसमोर आणू नका, पुढचा गजर आणा. एखादा घोट तोंडात घोळवून गिळला तरी बरं वाटतं.

घरच्या मिश्रणाशी तुलना केल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. ४४ ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन, ३६ ग्रॅम फ्रुक्टोज, अर्धा ते एक ग्रॅम मीठ, ५०० मिली पाणी: कार्बच्या दृष्टीने हे ३२० च आहे, फक्त पोटात बनणारं जेल नाही. खर्च बराच कमी, आणि यात मीठ हवं तसं वाढवता येतं, जड पाण्यानेही काही बिघडत नाही. फ्रुक्टोज मिळत नसेल तर ७२ ग्रॅम साखर आणि ८ ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन घेतलं तरी प्रमाण तेच येतं, कारण साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज असतं. पण ते असह्य गोड होतं. वजनकाटा ग्रॅम दाखवणारा हवा. चमच्याने मोजलेलं वीस-वीस ग्रॅम इकडेतिकडे होतं. आठवड्याच्या सराव राइडना घरचं मिश्रण आणि स्पर्धेच्या आधीच्या चार-पाच लांब राइडना मॉर्टेन, अशी वाटणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. दोन तासांच्या आतल्या सोप्या राइडला यांतलं काहीच लागत नाही.

एक मात्र कुणीही टाळू नये. तासाला ३० ग्रॅमची सवय असलेल्या पोटाला पहिल्याच दिवशी ३२० दिलं तर ते बंड करणारच. कंपनीचंच ड्रिंक मिक्स १६० येतं, ५०० मिलीत ४० ग्रॅमवालं; सुरुवात त्याने करावी. आठवड्यातून एक-दोन राइडमध्ये, तासाला ४० ग्रॅमवर पहिला आठवडा, मग दर आठवड्याला दहा-पंधरा ग्रॅम वाढवत न्यावं. पोट फुगलं किंवा ढेकरा येऊ लागल्या तर एक पायरी खाली येऊन आणखी एक आठवडा तिथेच थांबावं. सवय करायची ती ज्या जोराने आणि ज्या उन्हात पुढे चालवायचं आहे तशाच राइडमध्ये, कारण हलक्या जोरात ९० ग्रॅम पचवणारं पोट समोरच्या वाऱ्यात ६० वरच अडतं. आणि घरी आल्यावर बाटलीचं नोझल सुटं करून गरम पाण्यात ब्रशने घासा. साखर आणि किनाऱ्यावरची बारीक वाळू झडपेत अडकली की दोन दिवसांत काळी बुरशी धरते आणि पुढच्या राइडला बाटली नेमकी वाऱ्यात गळू लागते.